सरासरीइतका पाऊस

ऑगस्ट संपत आला की यवतमाळच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट हमखास दिसते. जिल्ह्यात आजवर इतके मिलीमीटर पाऊस पडला, तो सरासरीच्या इतके टक्के. आकडा शंभराच्या आसपास असला की यंदा बरं आहे असं समजून शहरातला वाचक पान उलटतो. त्याच पानावर खाली एखाद्या तालुक्यात सोयाबीन पिवळं पडल्याची बातमी असते, आणि कधी कधी तिच्या शेजारीच नाल्याकाठची पऱ्हाटी खरडून गेल्याची तिसरी. तिन्ही बातम्या खऱ्या असतात. त्या एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की महिन्याच्या हवामानाचं कोष्टक वाचता येऊ लागतं.

पुढच्या पानांत यवतमाळ जिल्ह्याचा एकेक महिना त्याच्या दीर्घकालीन सरासरीशेजारी ठेवला आहे: पाऊस किती, पावसाचे दिवस किती, कमाल आणि किमान तापमान किती, आणि हे सगळं नेहमीपेक्षा किती वर किंवा खाली. सरासरीकडे सातबाऱ्यासारखं पाहावं, असं मला वाटतं. जमीन किती ते सातबाऱ्यावर कळतं, पिकते कशी ते कळत नाही. पण हक्क सांगायला उभं राहायचं तर तो कागद हातात लागतोच. दुष्काळ जाहीर होणं, विम्याचा दावा टिकणं, अतिवृष्टीचा पंचनामा होणं, सगळं आज या ना त्या सरासरीशी नाहीतर मोजलेल्या मिलीमीटरशी बांधलेलं आहे. म्हणून तिची टवाळी करून भागत नाही. ती कुणी काढली, कुठल्या तीस वर्षांची, कुठल्या मापकाची, हे विचारता आलं पाहिजे.

तीस वर्षंच का? हवामानशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९३५ साली वॉर्सात १९०१ ते १९३० ही तीस वर्षं तुलनेसाठी धरायचं ठरवलं आणि तेव्हापासून हा प्रघात पडला. त्यात कुठलं दैवी गणित नाही. दहा वर्षं घेतली तर एखाद्या ओल्या किंवा कोरड्या तुकड्यानं आकडा ओढला जातो, शंभर घेतली तर मधल्या काळात हवामानच बदललेलं असतं. तीस ही तडजोड आहे. सध्या जगभर १९९१ ते २०२० ही तीस वर्षं चालतात. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून नोंदी ठेवतो आहे. मोसमी पावसासाठी तो तीसऐवजी पन्नास वर्षांची सरासरी वापरतो आणि दर काही वर्षांनी ती पुढे सरकवतो. देशाच्या जून ते सप्टेंबर या हंगामाची सरासरी १९५१ ते २००० या काळावरून ८९ सेंटीमीटर होती. १९६१ ते २०१० धरल्यावर ती ८८ झाली आणि २०२२ पासून १९७१ ते २०२० ही वर्षं घेऊन ८७.

एकेक सेंटीमीटरनं काय बिघडतं, असं वाटेल. देशाच्या पातळीवर फारसं नाही. खाली जिल्ह्यात आणि तालुक्यात मात्र फरक मोठा पडू शकतो, आणि तिथं शब्द बदलतात. हवामान विभागाच्या वर्गवारीत जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त एवढ्या पट्ट्यात असला की तो 'सामान्य'. २० ते ५९ टक्के कमी म्हणजे 'तूट', ६० टक्के किंवा त्याहूनही जास्त कमी म्हणजे 'मोठी तूट'. वरच्या बाजूलाही असंच. आता समजा, एका तालुक्याची जुनी हंगामी सरासरी ९०० मिलीमीटर होती आणि नवी ८४० ठरली. यंदा तिथं ७१५ पडला. जुन्या मापानं तो साडेवीस टक्के कमी, म्हणजे तूट. नव्या मापानं पंधरा टक्के कमी, म्हणजे सामान्य. पाऊस तोच, विहीर तीच, पऱ्हाटी तीच. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण हा खेळ काल्पनिक नाही. जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवून टक्केवारीची तुलना करणाऱ्यानं आधी तळाची बारीक अक्षरं वाचावीत.

त्यातून 'सामान्य' या शब्दाचा पट्टाही केवढा रुंद! जुलैची सरासरी २५० धरली तर २०३ मिलीमीटरही सामान्य आणि २९७ही सामान्य. मधल्या चौऱ्याण्णव मिलीमीटरमध्ये हलक्या बरड जमिनीवरचं सोयाबीन तरतं किंवा करपतं, आणि भारी काळ्या जमिनीतलं पाण्याखाली जातं.

यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा आहे. या सगळ्या क्षेत्रावर एक मिलीमीटर पाऊस पडला तर पाणी होतं सुमारे साडेतेरा दशलक्ष घनमीटर. एका एकरावर एक मिलीमीटर म्हणजे चार हजार लिटर. एवढ्या पसाऱ्याला एक सरासरी देणं ही सोय आहे; ती खरी मानण्याची गरज नाही. यवतमाळ शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर. वणी वर्धा नदीच्या खोऱ्यात, साधारण निम्म्या उंचीवर. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मधून बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी वाहतात. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस नऊशे ते हजार मिलीमीटरच्या घरात सांगितला जातो, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसा तो वाढत जातो आणि वणीकडे सगळ्यात जास्त भरतो. दारव्हा-नेरच्या शेतकऱ्यानं जिल्ह्याची सरासरी वाचून आपल्या शेताचा अंदाज बांधू नये, आणि वणी-झरीच्या शेतकऱ्यानंही नाही. दोघांचा पाऊस एकत्र मिसळून जो आकडा झाला, तो दोघांपैकी कुणाच्याच शिवारात पडलेला नसतो.

या आकड्यामागे मापकांचाही इतिहास आहे. आजचा जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. वऱ्हाडाची फेररचना झाली तेव्हा पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला आणि नाव यवतमाळ झालं. तेव्हा तालुके पाच: यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी, पुसद. आज सोळा आहेत. आर्णी, महागाव, बाभुळगाव, झरी-जामणी यांची तहसील कार्यालयं फार नंतर आली. त्यामुळे तालुक्याची दीर्घकालीन सरासरी असं लिहिलेलं दिसलं की ती खरोखर त्याच गावच्या किती वर्षांच्या नोंदींवर उभी आहे, हे दर वेळी विचारून घ्यावं. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आता तालुक्याऐवजी मंडळनिहाय मिळतं, आणि ही मोठी गोष्ट आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं: या यंत्रांच्या नोंदींवरून तीस वर्षांची सरासरी काढायची तर २०४७ उजाडावं लागेल. तोवर मंडळात मोजलेला पाऊस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या जुन्या सरासरीशी ताडला जाणार. मोजमाप बारीक झालं, पट्टी अजून जाडीच आहे.

पाऊस मोजण्याची वेळ सकाळी साडेआठ. काल साडेआठ ते आज साडेआठ एवढ्या चोवीस तासांत जे साचलं ते आजच्या तारखेला लिहितात. म्हणजे ३१ जुलैच्या रात्री ढगफुटीसारखा कोसळलेला पाऊस कोष्टकात १ ऑगस्टला दिसतो. एका रात्रीच्या पावसानं जुलै तुटीत राहतो आणि ऑगस्ट भरून वाहतो. महिन्याच्या कडेला पडलेल्या मोठ्या पावसाचं हे असंच होतं. शंका आली तर शेजारच्या महिन्याचं पान उघडून पाहावं. दिवसात अडीच मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस'. जिल्ह्यात वर्षाला असे दिवस पन्नासच्या आतबाहेर असतात. म्हणजे वर्षभराचं पाणी सुमारे पन्नास दिवसांत येतं, आणि त्यातलंही बरंचसं मोजक्या आठ-दहा दिवसांत. महिन्याच्या बेरजेपेक्षा मला दिवसांचा रकाना जास्त बोलका वाटतो, तो याचसाठी.

२०२३ चं साल या बाबतीत शिकवणीसारखं आहे. जून कोरडा गेला. मोसमी पाऊस उशिरा आला, पेरण्या लांबल्या. मग जुलैनं सगळी कसर एकदम काढली. २१ जुलैच्या रात्रीपासून २२ तारखेपर्यंत यवतमाळ आणि महागाव भागात असा पाऊस झाला की यवतमाळ शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं, आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर इथं पुरानं वेढलेल्या पंचेचाळीसच्या आसपास लोकांना सोडवण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. नदीकाठची शेतं नुसती बुडाली नाहीत, मातीसकट गेली. त्यानंतर ऑगस्ट आला तो कोरडा. देशभरातला १९०१ पासूनचा तो सगळ्यात कमी पावसाचा ऑगस्ट ठरला; देशाची तूट ३६ टक्के होती आणि विदर्भही त्यातून सुटला नाही. ज्या शेतात जुलैत पाणी तुंबलं होतं, त्याच शेतात तीन आठवड्यांनी भेगा पडल्या. सप्टेंबरनं पुन्हा थोडं सावरलं. हंगाम संपला तेव्हा विदर्भाचा आकडा 'सामान्य' या खान्यात बसला होता.

चार महिन्यांची बेरीज सामान्य. जून तुटीचा, जुलै अतिरेकाचा, ऑगस्ट तुटीचा. महिनावार कोष्टक हंगामी आकड्यापेक्षा बरं, ते यासाठी. पण महिनाही पुरेसा नाही. जुलैच्या त्या दोन दिवसांचं पाणी महिन्याच्या बेरजेत मिसळलं की जुलै नुसता 'अधिक' दिसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पिकांना पाणी भरपूर मिळालं. प्रत्यक्षात ते पाणी पैनगंगेतून तेलंगणाकडे गेलं होतं.

इथं विम्याचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पीक विमा योजनेत हंगामाच्या मध्येच नुकसान झालं तर अपेक्षित भरपाईच्या पंचवीस टक्के आगाऊ रक्कम देण्याची तरतूद महाराष्ट्रात २०२४ च्या खरिपापर्यंत होती, आणि त्यासाठी पावसातला सलग एकवीस दिवसांचा खंड हा निकष गावोगावी पाठ झाला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक चावड्यांवर हाच हिशेब चालू होता: आपल्या मंडळात किती दिवस झाले? सतरा-अठरा दिवस कोरडे जायचे आणि मग मंडळाच्या यंत्रावर तीन मिलीमीटरची एक सर पडायची. धूळ दबेल एवढा पाऊस, मुळापर्यंत थेंब पोचलेला नाही, पण अडीचची रेघ ओलांडली म्हणून तो पावसाचा दिवस, आणि खंडाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ज्या गावाला ती सर लागलीच नाही त्याचाही खंड मोडला, कारण यंत्र शेजारच्या गावी. अतिवृष्टीचंही तसंच. महसूल खात्याच्या लेखी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. ६३ झाला तर नाही. एकरावर अडीच लाख लिटर पाणी ओतल्यावर शेवटचे आठ हजार लिटर पडले की नाही यावर पंचनाम्याची भाषा बदलते. रेघ कुठे तरी ओढावी लागणारच, हे मान्य. पण रेघेवरचं शेत कुणाचं, हेही विचारलं पाहिजे.

दुष्काळाच्या बाबतीत पूर्वी सगळा भर पैसेवारीवर, म्हणजे गावाच्या पिकाच्या पैशांत मांडलेल्या अंदाजावर असे. जुन्या पिढीच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि आमच्याकडे ३१ डिसेंबरला अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गाव गेलं की टंचाईच्या सवलती. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनं गणित बदललं. आता आधी पावसाची सरासरीशी तूट आणि पावसातला खंड पाहतात, मग पेरणीचं क्षेत्र, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, भूजल, धरणांतला साठा. म्हणजे ज्या सरासरीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं ती आता पहिल्या पायरीवर येऊन बसली. पैसेवारीत तलाठ्याच्या आणि पाटलाच्या नजरेला जागा होती, चांगल्या-वाईट दोन्ही अर्थांनी. संहितेत ती यंत्राला आहे. यंत्र पक्षपात करत नाही, आणि त्याला शेजारच्या शिवारातलं दिसतही नाही.

जूनचं पान वाचताना बेरजेकडे सगळ्यात शेवटी पाहावं. मोसमी पाऊस आपल्याकडे साधारण महिन्याच्या मध्यावर पोचतो. ७५ ते १०० मिलीमीटर झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. सांगणं शहाणपणाचं आहे. तरी दरवर्षी धूळपेरणी होते, कारण कापसाला आठ-दहा दिवसांची आघाडी मिळाली तर शेवटच्या वेचणीपर्यंत ती पुरते. पाऊस वेळेवर आला तर धूळपेरणी करणारा हुशार ठरतो. एक सर येऊन मग पंधरा दिवस दडी मारली तर त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते, आणि बियाण्याच्या पिशवीचे पैसे दुसऱ्यांदा जातात. जूनची बेरीज सरासरीला टेकलेली असतानाही असं होऊ शकतं: निम्मा पाऊस पहिल्या आठवड्यात, निम्मा शेवटच्या. म्हणून जूनच्या टिपणात पहिली मोठी सर कधी आणि तिच्यानंतर उघडीप किती दिवसांची, हे आधी पाहावं.

शेतकऱ्याचं स्वतःचं पंचांग महिन्यांनी चालत नाही, नक्षत्रांनी चालतं, आणि ते काही अडाणीपण नाही. ७-८ जूनला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. बियाणं उगवायला, डवरणीला जमीन वाफशावर यायला, फूल धरायला लागणारा काळ साधारण याच मापाचा आहे. एकट्या ऑगस्टमध्ये आश्लेषा, मघा आणि पूर्वेची सुरुवात अशी तीन पावसांची गणितं कोंबलेली असतात; कोष्टक त्यांचा एकच आकडा करतं. कृषी हवामानशास्त्रज्ञांनाही हे ठाऊक आहे, म्हणून ते महिना सोडून वर्षाचे बावन्न प्रमाण आठवडे पाडतात आणि विदर्भातल्या पेरणीची चर्चा चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्याच्या भाषेत करतात. नक्षत्राच्या वाहनावरून, म्हणजे यंदा बेडूक की कोल्हा यावरून पाऊस सांगणं हा वेगळा मामला, त्यात मी पडत नाही. बुलढाण्याकडच्या भेंडवळच्या घटमांडणीबद्दलही तेच. फक्त एवढं दिसतं की अक्षय्य तृतीयेनंतर तिथलं भाकीत लोक आवर्जून वाचतात, कारण ते मिलीमीटरमध्ये बोलत नाही, कापूस-तुरीत बोलतं. हवामानाच्या अहवालांनी एवढं तरी उचलायला हरकत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पानांवर अधिकचा आकडा दिसला तर आनंद मानायची घाई नको. जून-जुलैत हवाहवासा असलेला पाऊस या दिवसांत सोयाबीनच्या शेंगांना जागेवर कोंब आणतो आणि कापसाची पक्व होत आलेली बोंडं सडवतो. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस राज्यभर हेच झालं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये 'गुलाब' चक्रीवादळाचा उरलासुरला जोर विदर्भ-मराठवाड्यावरून गेला. २८ तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला आलेल्या पुरात नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस वाहून गेली आणि प्रवाशांचे जीव गेले. बंगालच्या उपसागरातून निघालेला पाऊस महिना संपायला दोन दिवस असताना आला आणि सप्टेंबरचं सगळं पान त्यानं रंगवलं. इथं आणखी एक खुलासा. पैनगंगेचा पूर हा यवतमाळच्या पावसाचा पूर असेलच असं नाही. इसापूर धरणात येणारं पाणी बुलढाणा, वाशीम, हिंगोलीकडून येतं. उमरखेड तालुक्यात महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा कमी आणि नदीकाठची गावं पाण्यात, असं कोष्टकात दिसलं तर छपाईची चूक समजू नये.

उलटंही घडतं. २०१७ साली विदर्भात पाऊस तुटीचा झाला. त्याचा घाव यवतमाळ शहराला बसला तो पावसाळ्यात नाही, पुढच्या उन्हाळ्यात. निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणं तळाला गेली आणि २०१८ च्या उन्हाळ्यात नळाला पाणी पंधरवड्यानं, कुठे त्याहूनही उशिरा येऊ लागलं. टँकरच्या रांगा मार्च-एप्रिलच्या, पण त्यांचं कारण आदल्या जुलै-ऑगस्टच्या पानावर. मार्चची पावसाची सरासरी काही मिलीमीटरची असते. मार्चमध्ये ती शंभर टक्के भरली काय आणि शून्य राहिली काय, धरणाला फरक नाही. त्याच २०१७ च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं औषधांत, बाजारात, बोंडअळीत आणि देखरेखीच्या अभावात आहेत, हवामानावर त्याचं खापर फोडणं अन्यायाचं होईल. पण डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, दमट उकाड्यात, अंगभर कपडे आणि तोंडाला फडकं ठेवणं किती अवघड होतं हे त्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तापमान-आर्द्रतेच्या रकान्यांशेजारी ठेवून पाहायला हवं. महिन्याचा सरासरी फरक एखाद्या अंशाचा असेल. पाठीवर पंप घेऊन दुपारी एक वाजता ओळीत शिरणाऱ्याला सरासरी तापमान लागत नाही.

तापमानाच्या रकान्यांचं थोडं. दिवसाचं सरासरी तापमान म्हणजे कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन. मोजायचं ते पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत. ही पेटी एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं काढली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे ते वडील. पेटीतले ४४ अंश म्हणजे डांबरी रस्त्यावरचे किंवा पत्र्याच्या घरातले ४४ नव्हेत. उष्णतेच्या लाटेची व्याख्याही सरासरीवरच बेतलेली आहे: मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश अधिक, किंवा मग थेट ४५. आता मे महिन्याची कमाल तापमानाची सरासरीच जिथं ४२ च्या आसपास, तिथं ४४ अंशांचे दहा दिवस सलग गेले तरी कागदोपत्री लाट येत नाही. ते सरासरीपेक्षा फक्त दोन अंश जास्त असतात. आपण त्याला नवतपा म्हणतो आणि २५ मेपासून नऊ दिवस मोजतो. पठारावरच्या यवतमाळला वणीपेक्षा अंश-दीड अंशाचा दिलासा उंचीमुळे मिळतो. जिल्ह्याचं तापमान म्हणून एकट्या यवतमाळचं दिलं की वणी-मारेगावची होरपळ त्यातून गळते. आणि नवी तीस वर्षं जुन्यांपेक्षा उबदार असल्यानं 'नेहमीइतकी' म्हणून नोंदलेली मेची रात्र आपल्या आज्यांच्या रात्रीपेक्षा गरम असू शकते. सरासरी वर सरकली की फरक शून्य दिसतो.

हिवाळ्याची पानं पातळ आहेत, आणि ती तशीच असावीत. थंडी गहू-हरभऱ्याला मानवते, वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी चालू असते, आकाश बहुतेक कोरडं. फक्त धुवारी, म्हणजे दाट धुकं पडलं की फुलोऱ्यातली तूर गळते, आणि धुवारीला पर्जन्यमापकात जागा नाही. डिसेंबरच्या कोष्टकात पाऊस शून्य, तापमान सरासरीजवळ, आणि तुरीचं पीक गेलेलं, असं वर्ष येऊ शकतं.

फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांच्या पावसाची टक्केवारी मी वाचकानं सरळ सोडून द्यावी असं सुचवतो. समजा, दहा वर्षांपैकी आठ वर्षं फेब्रुवारी कोरडा गेला आणि दोन वर्षं चाळीस-चाळीस मिलीमीटर अवकाळी पडला. सरासरी आली आठ. आठ मिलीमीटर एकाही वर्षी पडलेला नाही! कोरड्या वर्षी अहवाल म्हणणार शंभर टक्के तूट, आणि अवकाळीच्या वर्षी म्हणणार सरासरीच्या पाचपट. पहिल्यानं कुणाचं बिघडत नाही, दुसऱ्यात गहू आडवा होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपिटीनं जे झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना टक्केवारीची गरजच पडली नसेल. अशा महिन्यांत वर्षं चढत्या क्रमानं मांडून मधलं वर्ष पाहावं, म्हणजे नेहमीचा फेब्रुवारी कोरडाच असतो हे सरळ कळतं. या टिपणांत त्यासाठी सरासरीशेजारी हा मधला आकडाही असायला हवा, आणि ज्या महिन्यांत दोघांत मोठं अंतर पडतं तिथं मधल्याला मान द्यावा.

एक सूचना मांडणीबद्दल. जून ते सप्टेंबरच्या पानांवर जागा जास्त घेतली आहे आणि त्यातही जुलै-ऑगस्टवर, कारण वर्षाचा निम्म्याच्या आसपास पाऊस या दोन महिन्यांत येतो. जुलैचं पान उघडतं त्याच दिवशी, १ जुलैला, राज्यात कृषी दिन साजरा होतो. ती पुसदजवळच्या गहुलीत १९१३ साली जन्मलेल्या वसंतराव नाईकांची जयंती. १९७२ च्या दुष्काळात हेच राज्याचे मुख्यमंत्री होते. त्या दुष्काळाच्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तो दुष्काळही एका वर्षाच्या तुटीचा नव्हता, मागच्या वर्षांची तूट साचत आली होती. महिन्याचं पान एकेकटं वाचलं की असली साचलेली तूट निसटते. म्हणून प्रत्येक महिन्याच्या आकड्याखाली जूनपासूनची चालती बेरीजही दिली आहे.

आणि म्हणूनच ही टिपणं जानेवारीपासून सुरू होत नाहीत. पाण्याचं वर्ष आपल्याकडे १ जूनला उघडतं आणि ३१ मेला मिटतं.  पहिलं पान जूनचं आहे. शेवटचं मेचं, आणि त्यात पावसाच्या रकान्यापेक्षा किमान तापमानाचा रकाना आधी पाहावा.